आत उघडणाऱ्या खिडक्या

दादा,

मुंजाजीनाना शाळेच्या फाटकाशी उभे दिसले तेव्हा मी चौथीच्या वर्गावर होते. टोपी हातात, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. तुझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माणसानं मिळेल ती एस.टी. पकडून परभणी गाठायची, तिथून गाडीनं पिंगळीला उतरायचं आणि विचारत विचारत माझी शाळा शोधायची, याचा अर्थ एकच होता. ते म्हणाले, "बाई, दादा गेले." आणि माझ्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडला तो, "कुणी?"

कसे गेले नाही, कधी गेले नाही. कुणी. नानांना ते कळलंच नाही. ते म्हणाले, "कुणी म्हंजे? खुर्चीत बसले व्हते, पेपर वाचायलते. मान टाकली. डाक्टर म्हनला, हार्ट." मी पायरीवर बसले. रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं, दादा. खरं सांगते. आपला भाऊ गेला हे कळल्यावर एखाद्या बहिणीला हायसं वाटावं हे कुणाला सांगितलं तर लोक नावं ठेवतील. तुला सांगते, कारण तुला ते बरोबर कळेल. तू सकाळच्या उजेडात, आपल्या घरात, आपल्या खुर्चीत, उघड्या खिडकीशी गेलास. कुणी काही केलं नाही. चारचौघांची माणसं जातात तसा गेलास. सोळा वर्षं मी ज्या बातमीची वाट बघत होते, ती ही बातमी नव्हती.

तू मला भित्री म्हणायचास. 'मास्तरीण पोरांना शूरांचे धडे शिकवती आन् घरी येऊन कड्या मोजती' असं वहिनींसमोर म्हणायचास आणि वर हसायचास. मी चुकत होते असं मी आजही म्हणणार नाही. सोळा वर्षांपूर्वी श्रावणात विद्यापीठाच्या नावावरून जे पेटलं, त्यात आपली वस्ती जळाली. तू तेव्हा नोकरीच्या गावी होतास. मी घरी होते. आईनं झरोक्यात गोधडी कोंबली होती, आणि ती गोधडी बाहेरून काठीनं आत ढकलली गेली ते मी बघितलं आहे. पुढचं तुला माहीत आहे. मागच्या कुडातून आम्ही निघालो, नदीकडं पळालो, वाचलो. पण माझ्या मनात राहिली ती काठी. तेव्हापासून भिंतीत भोक असलं की त्यातून काय आत येईल हे मी आधी बघते आणि उजेड मग बघते. पिंगळीच्या माझ्या घराला रस्त्याकडं खिडकी आहे, पण ती आहे एवढंच.

आणि अशा बहिणीच्या भावानं घर कुठं घ्यावं, तर बारवेच्या ओळीत.

आठवतं ना, पहिल्यांदा मला घर दाखवायला नेलंस तो दिवस? पालमहून एस.टी.नं येताना सारं सांगितलंस, फक्त मुख्य गोष्ट सोडून. गावच्या मधोमध जुनी दगडी बारव, तिच्यासमोर निजामाच्या वेळेपासूनची सात घरांची ओळ, एकाची भिंत तीच दुसऱ्याची, एकाच मापाची दारं, एकाच मापाच्या खिडक्या. ओळ आणि बारवेचा कठडा यांच्यामध्ये जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता. सगळी शेतकरी घरं. मधल्या एका घराचा मालक परभणीला गेला होता आणि चौकटींना वाळवी लागली म्हणून ते घर कुणी घेत नव्हतं. तू कचेरीतला कारकून. कागद नीट करून घेतलेस आणि घेऊन टाकलंस. मी विचारलं, ओळीत आपलं कुणी आहे का? तू म्हणालास, आता आहे ना, मी. स्टेशनकडच्या नव्या प्लॉटवर आपल्यातल्या पाच-सहा जणांची घरं उठत होती. तिथं का नाही घेतलंस यावर आपण परतीच्या एस.टी.त एवढं भांडलो की कंडक्टर मागं वळून बघायला लागला. ते भांडण काही मिटलं नाही. मला अजून वाटतं की तिकडं मोकळी हवाही होती आणि शेजारही होता.

तुझं घर दिवसाही अंधारं होतं. रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्यांना बोटभर जाडीच्या सागवानी फळ्या, त्यावर लोखंडी खिळ्यांची नक्षी, आणि आधीच्या मालकानं आतून आडव्या पट्ट्या ठोकून त्या कायमच्या बंद केलेल्या. चौकट खाली बसलेली, वाळवीनं अर्धी भुसा झालेली. भर दुपारी बल्ब लावून पेपर वाचायचास. माझ्या मनातून मला ते घर तेवढ्याच कारणासाठी आवडायचं, हे तुला कधी सांगितलं नाही. आत बसलं की रस्ता नव्हताच. वहिनी मात्र पहिल्याच उन्हाळ्यात म्हणाल्या की ह्या घरात मी पापडासारखी नाही, लोणच्यासारखी राहतेय. मग तू ठरवलंस: खिडक्या बदलायच्या, आणि उघडायच्या.

तिथं घोडं अडलं. बारवेवर पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड होता, आणि बारवेसमोरच्या ओळीचं तोंड बदलायचं तर खात्याची परवानगी लागते असं कुणीतरी तुला सांगितलं. दुसरा कुणी असता तर गपचूप रात्रीतून पत्र्याची खिडकी बसवून मोकळा झाला असता. तू नाही. तू म्हणालास, दुसऱ्यानं केलं तर खपून जाईल, आपण केलं तर खपणार नाही. म्हणून आपण कागदावर करायचं. यावर मात्र माझं तुझ्याशी एकमत होतं. तसे प्रसंग थोडेच, म्हणून लक्षात आहे.

खात्याच्या साहेबानं दोन गोष्टी सांगितल्या. खिडकी बंद असताना जुन्यासारखीच दिसली पाहिजे: लाकडाची, त्याच मापाची, वर पत्रा नको, गज नको, जाळी नको. आणि ओळीतल्या सगळ्यांची ना हरकत हवी. गज नको, हे मी तुला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. तू खूश झालास. म्हणालास, बघ, आयुष्यात पहिल्यांदा सरकार माझ्या बाजूनं बोललं.

ना हरकतीसाठी तू सहा दारं फिरलास. त्या घरात राहायला येऊन तुला दोन वर्षं होऊन गेली होती आणि त्या सहापैकी एकाही उंबऱ्याच्या आत तू गेला नव्हतास. त्या दिवशीही गेला नाहीस. बहुतेकांनी दारातच सही करून दिली. कोपऱ्यावरच्या पाटलांनी 'बघू, उद्या या' असं म्हणत महिना काढला. मुंजाजीनाना गोठ्यात होते. तू कागद पुढं केलास, तर त्यांनी विचारलं, "लाकडाचीच बसवायलात ना?" तू हो म्हणालास. "मंग माझं काय जातंय." झालं एवढंच. तू आल्यावर सांगितलंस की नाना भला माणूस आहे. मी म्हटलं, भला असेल, पण दोन वर्षांत पहिल्यांदा बोलला आणि तेही खिडकीशी बोलला, तुझ्याशी नाही. तू त्यावर चिडलास. तुझं चिडणं म्हणजे चष्मा काढून पुसणं. तो तू बराच वेळ पुसलास.

आणि मग गजांचं आपलं भांडण. मी पिंगळीहून दर आठवड्याला पोस्टकार्ड टाकत होते, उंटावरून शेळ्या हाकत होते हे मला कबूल आहे. पण दोन लेकरं होती घरात. रस्त्याकडं उघडी खिडकी, मध्ये एकही गज नाही, म्हणजे काय? तू लिहायचास की आपल्या ओळीत कुणाच्याच खिडकीला गज नाही. मी लिहायचे की त्यांना गजांची गरज नाही. तू लिहिलंस की गज लावून घेतले तर मी माझ्याच घरात कैदी. मी लिहिलं की कैदी जिवंत असतात. हे वाक्य तुला लागलं असणार, कारण त्यानंतरच्या पत्रात तू एकदम नरमलास. परभणीहून आणलेल्या मिस्त्रीनं तोड काढली होती: पल्ले बाहेरच्या बाजूला उघडणारे करायचे आणि गज त्यांच्या आतून, चौकटीत बसवायचे. खिडकी बंद असली की बाहेरून नुसत्या सागवानी फळ्या दिसतील, साहेबही राजी, मास्तरीणही राजी. तू खाली लिहिलं होतंस, 'तुझ्यासाठी करतोय, मला पटलेलं नाही.'

खिडक्या बसल्या त्या दिवशी मी आले होते. वहिनींनी चौकटीला हळद-कुंकू लावायचं की नाही यावर घरात जरा खल झाला. तू म्हणालास, आपल्यात आता ते नाही. वहिनी म्हणाल्या, मग लाकडाचं काय कौतुकच करायचं नाही का? शेवटी त्यांनी चौकटीवर झेंडूची माळ टाकली आणि तू पंचशील म्हटलंस. मग तू दोन्ही हातांनी पल्ले बाहेर ढकललेस. उजेड आला तो थेट मागच्या भिंतीवरच्या दोन फोटोंपर्यंत गेला. त्या घरात फोटोंवर ऊन पडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. लेकरं गजांना धरून बाहेर बघत ओरडत होती. मला छान वाटलं, दादा, आणि मी एकेक गज हलवूनही बघितला.

आणि मग आला फाल्गुन.

होळीच्या सुट्टीला मी तुझ्याकडं आले होते. दुपारची जेवणं झाली होती. मी आणि वहिनी आतल्या खोलीत ज्वारी निवडत होतो. बाहेर एकदम धाडकन आवाज झाला. लाकूड फुटल्याचा. लगेच दुसरा. मग माणसांचा आरडाओरडा, आणि त्यात कुणीतरी आईवरून शिवी दिली. मी लेकरांना ओढलं, आतल्या दाराची कडी लावली आणि पाठ लावून उभी राहिले. वहिनी म्हणाल्या, अहो बाई, हे बाहेर आहेत. मला ते कळत होतं. तू बाहेरच्या खोलीत होतास आणि मला तुझ्या चपलांचा आवाज रस्त्याकडं जाताना ऐकू आला.

मग मी ऐकत राहिले. बाहेर नानांचा आवाज होता, चढलेला. तुझाही चढलेला. रस्ता कुणाच्या बापाचा असं काहीतरी. डोळे फुटले का असं काहीतरी. मी तो शब्द येण्याची वाट बघत होते. तुला माहीत आहे कोणता. असल्या भांडणात तो येतोच. कधी सुरुवातीला येतो, कधी बाकीचं संपल्यावर येतो, पण येतो. मी दाराला कान लावून, लेकरांचे हात धरून, त्या एका शब्दाची वाट बघत उभी होते. भांडण वाढत होतं. बैलांवर आलं, गाडीवर आलं, मिस्त्रीच्या अकलेवर आलं. तो शब्द आला नाही. मग एका क्षणी बाहेर दोघंही गप्प झाले आणि मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मी कडी काढून बाहेर आले. रस्ताभर कडबा सांडला होता. नानांची गाडी तुझ्या खिडकीला खेटून उभी, एक पल्ला मोडून खाली पडलेला, दुसरा एका बिजागरीवर लोंबत होता. फाल्गुन म्हणजे कडब्याचे दिवस. दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेल्या भरल्या गाड्या त्या बोळातून खळ्याकडून येतात, आणि त्यांतलीच एक तुझ्या उघड्या पल्ल्याला अडकली होती. नाना घाम पुसत म्हणाले, "खिडकी भायेर उघडती व्हय कुठं? हितं सगळ्यांच्या आत उघडत्यात. कडब्याच्या गाड्या जात्यात म्हनून. लेकराला बी म्हाईत हाय ते."

"मला न्हाई म्हाईत," तू म्हणालास. "कोनी सांगितलं न्हाई, नाना."

आणि ते खरंच होतं. रस्त्यावरून बघितलं तर उघडी खिडकी म्हणजे नुसता काळा चौकोन दिसतो. पल्ले कुठल्या बाजूला गेलेत ते घरात गेल्यावर समजतं. आणि त्या ओळीतल्या कुठल्या घरात तू गेला होतास? तुझ्या स्वतःच्या खिडक्या तर तू घेतल्यापासून खिळ्यांनी बंद होत्या. नानांच्या ते ध्यानात आलं. चेहऱ्यावर आलेलं मी पाहिलं. ते खाली वाकले, कडब्याची एक पेंडी उचलली आणि तिच्याकडं बघत म्हणाले, "आमी तरी कवा बोललो म्हना."

पण एवढ्यावर ऐकतील तर ते नाना कसले? लगेच पुन्हा म्हणाले की तरी बी माणसानं इचारावं, आणि तू म्हणालास की गाडी हाकणाऱ्यानं पुढं बघावं, आणि पुन्हा जुंपली. शेवटी दोघांनी मिळून कडबा गाडीत चढवला. चढवतानाही बडबड चालूच.

तू आत आलास तेव्हा तुझ्या केसांत काड्या होत्या आणि तू हसत होतास. तुझ्या सागवानाचा चुराडा झाला होता, महिन्यांची खटपट मातीत गेली होती, आणि तुझा चेहरा लेक परीक्षेत पास झाल्यासारखा. तुला चार शिव्या घालाव्या असं मला वाटत होतं. तू माठातलं पाणी प्यालास आणि म्हणालास, "भांडन झालं, कुसुम. साधं. शेजाऱ्याचं." आणि परत, जणू मला पहिल्यांदा कळलं नसेल, "शेजाऱ्यासारखं भांडला मानूस."

मी तेव्हा तुझ्या केसांतल्या काड्या काढल्या. आता बोलते. माझ्या आयुष्यात मला एवढं सुटल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. पाळण्यात घातलेलं लेकरू रडायचं थांबावं तसं आत काहीतरी थांबलं. आपल्यावर कुणी नुसतं रस्त्यासाठी ओरडू शकतं, नुसतं कडब्यासाठी, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुला ते सुख लगेच ओळखता आलं. मला वेळ लागला.

पुढं पल्ले दुरुस्त करून आत उघडणारे केलेस. आणि पल्ले आत आले म्हटल्यावर गजांना जागा उरली नाही. बाहेरच्या अंगाला लावले तर साहेब परवानगी काढून घेणार. गज गेले. तू मला कार्ड टाकलंस की कडब्याच्या गाडीनं निकाल दिला आहे. मी उलट टपाली लिहिलं की माझी बाजू न ऐकताच दिला आहे. हा दावा माझ्याकडून अजून चालू आहे, दादा. बारीक तारेची काढता येणारी जाळी बसवता आली असती, हे मी तुला किमान वीस वेळा सांगितलं. तू प्रत्येक वेळी म्हणालास की विचार करतो.

त्यानंतर त्या खिडकीत एक वेगळाच संसार सुरू झाला. नानांची बायको, गयाबाई, बारवेवर जाताना तिथं थांबायची. आधी वहिनींशी दोन शब्द, मग पाव तास. खिडकीच्या कट्ट्यावरून वस्तूंची ये-जा चालायची: इकडून कढीपत्ता, तिकडून हुरडा, इकडून लेकरांची जुनी पुस्तकं, तिकडून विळा धार लावायला. नाना उभ्या उभ्या तुझ्याकडून पेपर वाचवून घ्यायचे, पावसाचा अंदाज आणि कापसाचा भाव. मला हे आवडायचं, पण माझी नजर तुझ्यासारखी नाही. गयाबाई खिडकीशी तास काढायची, पण दारातून आत येत नव्हती. वहिनींनी चहा पुढं केला की 'आत्ताच घेतला, माय' म्हणायची. वर्षानुवर्षं तिनं आत्ताच घेतलेला असायचा. मी तुला ते दाखवलं की तू म्हणायचास, येईल. मी म्हणायचे, खिडकीपर्यंत आणून ठेवलंय आपल्याला, दारापर्यंत नाही. तू म्हणायचास, आधी भिंत होती, ते विसरतेस. तू कमी घेऊन जास्त खूश व्हायचास आणि मी जास्त मिळालं तरी त्यात उणं काय ते आधी शोधायचे. आई म्हणायची की दोघांना मिळून एक शहाणं माणूस झालं असतं.

या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव झालं. रेडिओवर बातमी आली तेव्हा मी पिंगळीला दाराला कडी लावून, खिडकीपुढं कपाट सरकवून बसले होते. कुठं कुठं गडबड झाल्याचं कानावर येत होतं आणि मला तुझ्या त्या दोन खिडक्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. तू त्या दिवशी काय केलंस ते पुढच्या रविवारी सांगितलंस. दोन्ही सताड उघडल्यास आणि खुर्ची टाकून बसलास. वहिनी घाबरल्या होत्या. तू त्यांना म्हणालास की आज बंद केल्या तर उद्या उघडायच्या कशा? दुपारी नाना आले. खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून म्हणाले, "झालं म्हनं नाव." तू म्हणालास, "झालं." "बरं झालं. मिटलं एकदाचं." आणि त्यांनी तुझ्याकडं घमेलं मागितलं, गोठ्याची भुई सारवायची होती म्हणून.

हे सांगताना तुझे डोळे भरले होते. मला राग आला. मी म्हटलं, एवढी माणसं गेली, घरं गेली, सोळा वर्षं गेली, मूळ नाव तसंच ठेवून पुढं नाव जोडलं, आणि हा माणूस 'मिटलं' म्हणून घमेलं मागतो. तू म्हणालास, त्या दिवशी त्यानं माझ्याकडं घमेलं मागावं हेच मला पाहिजे होतं. मी म्हटलं, तुला थोडक्यात समाधान मानायची खोडच आहे. तू म्हणालास, तुला समाधानाचंच वावडं आहे. वहिनींनी ताटं वाढली म्हणून आपण थांबलो. ते भांडण पुढच्या भेटीत पुरं करायचं होतं. माझ्याजवळ अजून दोन मुद्दे होते, चांगले होते. पुढची भेट झालीच नाही.

तू गेलास त्या दिवशी नानांबरोबर मी तुझ्या घरी आले. सबंध रस्ताभर ते फारसं बोलले नाहीत. पालमला एस.टी. थांबली तेव्हा उतरून माझ्यासाठी पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "आमचं मानूस बसलंय वहिनीपाशी. तुमी काळजी करू नका." मी ऐकलं आणि सोडून दिलं. घरी पोचले तर वहिनी आतल्या खोलीत चटईवर कलंडलेल्या, लेकरं त्यांच्या पायाशी, आणि गयाबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. चुलीवर चहाचं पातेलं तिनंच ठेवलं होतं. तिच्या बाजूला रिकामा कप होता. मी त्या कपाकडं किती वेळ बघत राहिले ते मला सांगता येणार नाही. वहिनींना नंतर विचारलं, ती आत कधी आली? वहिनी म्हणाल्या, मी ओरडले तशी आली. पुढचं त्यांना काही आठवत नव्हतं. बहुधा गयाबाईलाही आठवत नसावं. तू असतास तर मला कोपरानं ढोसून 'बघ' म्हणाला असतास, आणि मी म्हटलं असतं की त्यासाठी माणूस मरावा लागला. आपलं दोघांचंही बरोबर असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला नेलं. वस्तीतले सगळे होते, कचेरीतले होते, ओळीतली माणसं होती. पाटील आपल्या दारातून हलले नाहीत, हेही सांगते, म्हणजे तू फार हुरळून जायचा नाहीस. पुण्यानुमोदनाच्या विधीला बैठकीत माणसं मावेनात. काहीजण बाहेर रस्त्यावर उभे राहिले आणि खिडकीतून वंदना ऐकली. नाना आत बसले होते, हात जोडायचे की मांडीवर ठेवायचे हे न कळल्यासारखे. भन्तेजी जे म्हणत होते त्यातलं एक अक्षर त्यांना कळलं नसणार, पण शेवटी सगळ्यांबरोबर 'साधू' म्हणाले, जरा उशिरा.

मी खूप रडले. रडताना मात्र मला मोकळं वाटत होतं. कुणाला शाप द्यायचा नव्हता. कुठल्या पोलीस चौकीत जायचं नव्हतं. आपल्या घरातल्या माणसासाठी नुसतं रडायला मिळणं ही चैन आपल्या आईला मारल्या गेलेल्या तिच्या भावासाठी मिळाली नव्हती. ती मला तू दिलीस. तुझे आभार कधी मानले नाहीत, कारण तुला लगेच चेष्टा सुचली असती. आता मानते. मला न विचारता त्या ओळीत घर घेतलंस त्याबद्दल, माझं ऐकून गज लावलेस त्याबद्दल, आणि ते काढलेस त्याबद्दलही.

उद्या सकाळच्या एस.टी.नं मी पिंगळीला निघणार. आज संध्याकाळी सगळी पाहुणेमंडळी गेल्यावर घर एकदम रिकामं वाटलं. वहिनी तुझ्या खुर्चीशेजारी चटईवर तांदूळ निवडत होत्या. बाहेर दिवेलागण झाली होती, शेतावरून माणसं परतत होती, जाता जाता खिडकीतून आत बघून कुणी 'बाई, जेवला का?' विचारत होतं. दिवे लागले म्हटल्यावर मी सवयीनं उठले, खिडकीशी गेले, पल्ल्याला हात घातला आणि विचारलं, "वहिनी, लावून घेऊ का?"

वहिनींनी मान वर केली नाही. तांदळातला खडा काढून बाजूला टाकत म्हणाल्या, "कामून?"

मी पल्ला धरून उभी राहिले, दादा. ह्या 'का?'चं उत्तर माझ्याजवळ नेहमी तयार असायचं. मी ते शोधलं. मग पल्ला सोडला आणि त्यांच्यासोबत तांदूळ निवडायला बसले.